बॅटरीच्या खोलीतली दुपार

ही गोष्ट खरी आहे.

माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेली. मित्राच्या मित्राची नाही. कुणाला पटत नसेल तर खुशाल पुढे जा, मी इथे भांडायला बसलेलो नाही. पंधरा वर्षं बॅटऱ्या दुरुस्त करतोय. भुताचा विषय निघाला की सगळ्यात आधी मीच हसायचो.

नावं बदलली आहेत. का बदलली, ते शेवटी कळेल.

आणि एक सांगतो, ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नाही, पिंपळ नाही, पैंजण तर नाहीतच नाहीत.

गेल्या वर्षीचा मार्च महिना. मंगळवार. भर दुपार.

माझं नाव नाथाजी समजा. सांगलीत छोटं दुकान आहे. नव्या बॅटऱ्या विकणारे गल्लोगल्ली आहेत, मेलेल्या उठवणारा मात्र मीच, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो.

आता तसं बोलत नाही.

तर एका मुलीचा फोन आला. समीक्षा नाव. कराडला नर्सिंग शिकते. औंधच्या पुढे एका उघड्या माळावर त्यांची वस्ती आहे. मेंढपाळाचं घर. विजेचे खांब वस्तीच्या तीन किलोमीटर अलीकडेच येऊन थांबलेत, त्यामुळे घरचं सगळं सोलरवर. तिच्या आजोबांनी, आप्पासोंनी, हौसेनं बसवलेलं. आठ मोठ्या बॅटऱ्या.

आठ महिन्यांपूर्वी आप्पासो वारले. अटॅकनं, असं ती म्हणाली. त्यानंतर बॅटऱ्यांकडे कुणी फिरकलंच नाही.

"आता साधा बल्ब बी लागत न्हाई काका. आजी एकटीच असती तितं."

"आठ महिने पाणी नाही घातलं? मग भंगारात घाला आणि नव्या घ्या."

"आजी न्हाई म्हनती. ह्याच चालू झाल्या पायजेत, म्हनती."

म्हाताऱ्या माणसांचे हट्ट मला नवीन नाहीत. गाडीत सामान टाकलं आणि पहाटेच निघालो.

आठ वाजता वस्तीवर पोचलो. समीक्षा कराडहून आलेली होती. चार खोल्यांचं घर, मेंढरं कोंडायचा वाडगा, आणि घरापासून वीसेक पावलांवर बॅटरीची खोली. एकटीच उभी. दगडी भिंती, वर स्लॅब, पुढं लोखंडी पत्र्याचं दार. खिडकी नाही. स्लॅबखाली एक झरोका होता, तोही सिमेंट घालून बुजवलेला.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"आबांनीच. कबुतरं घान करायची बॅटऱ्यांवर," समीक्षा म्हणाली. आजोबांना ती आबा म्हणायची.

"हुशार होते तुझे आबा," मी टोमणा मारला.

टोमणा का, ते सांगतो. बॅटरी चार्ज होताना आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं आणि त्यातून गॅस सुटतो. त्याला रंग नाही, वास नाही. हलका असतो, छताला जाऊन साठतो. मग एक ठिणगी पुरते. म्हणून माझे नियम ठरलेले. दार सताड उघडं. मोबाईल आत न्यायचा नाही. लोखंडावर लोखंड आपटायचं नाही. चालू चार्जिंगमध्ये वायर सोडवायची नाही. चार्जिंगचा कंट्रोलर आणि स्विच खोलीच्या बाहेर.

आप्पासोंनी कंट्रोलर लांब घराच्या पडवीत बसवला होता. तेवढं तरी बरोबर केलं होतं.

आजी आली. बनाबाई. सत्तरीची, काटक, हातात काठी. खोलीपासून चार पावलं लांबच उभी राहिली.

"कदी हुईल?"

"ऊन आहे तोवर चार्जिंग चालणार आजी. संध्याकाळी बंद करू."

"दार लावून घिऊ नगा."

मी हसलो. "दार लावून मरू होय आजी?"

ती वळली आणि मेंढरं घेऊन माळाला लागली. माझं काहीतरी चुकलं एवढं कळलं. काय चुकलं ते कळलं नाही.

मी कामाला लागलो.

बॅटऱ्यांची दशा बघवत नव्हती. टोकांवर पांढरा-हिरवा खार इतका चढलेला की वायर कुठली ते दिसेना. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून ते सगळं धुतलं. झाकणं उघडली. आतल्या प्लेटा अर्ध्याच्या वर कोरड्या, पांढऱ्या पडलेल्या. डिस्टिल्ड वॉटर भरलं. सहा बॅटऱ्यांनाच पुरलं.

"औंधला मिळंल," म्हणत समीक्षा स्कूटी घेऊन गेली. तिथं मिळालं नाही म्हणून पुढं उंब्रजपर्यंत गेली, हे मला नंतर कळलं.

गाडीतल्या माझ्या पिण्याच्या पाण्यावर नजर गेली होती, खोटं कशाला बोलू. पण ते पाप मी करत नाही. पहिल्या सहांत थोडं थोडं जास्त झालं होतं, ते पिचकारीनं काढून उरलेल्या दोघींना दिलं. प्लेटा जेमतेम बुडाल्या. मोबाईल गाडीत ठेवला, दाराला दगड लावला आणि पडवीत जाऊन चार्जिंग सुरू केलं.

साडेअकराच्या सुमारास पहिला बुडबुडा आला.

मग दुसऱ्या बॅटरीत... मग तिसऱ्या. एका बॅटरीला सहा तोंडं. आठांची अठ्ठेचाळीस. बाराला सगळी तोंडं बुडबुडत होती. मेलेल्या बॅटरीतून हा आवाज आला की मला आजही लहान पोरासारखा आनंद होतो.

मी कोपऱ्यातल्या शेवटच्या बॅटरीवर वाकलो होतो. काचेच्या नळीत ॲसिड ओढून बघत होतो. दाराकडे पाठ.

नळीतलं पाणी दिसेनासं झालं.

म्हटलं, ढग आला असेल.

वळून बघितलं तर... दार लागत होतं.

वाऱ्यानं दार धाडकन लागतं. हे सावकाश लागत होतं. कुणीतरी सवयीनं, बघितल्या न बघितल्यासारखं लोटून द्यावं तसं.

आणि मग...

खट्ट.

बाहेरून कडी लागली.

"ओ! आत माणूस आहे! ओ!"

बाहेर पावलं वाजली. सावकाश. दारापासून लांब जाणारी. काठी टेकत.

मग काहीच नाही. नुसता माळावरचा वारा.

मी दाराला खांदा दिला. दार बाहेर उघडणारं होतं, पण केसभरही हललं नाही. पुन्हा दिला. शिव्या घातल्या. म्हातारीला घातल्या, हे कबूल करतो. मला वाटलं, तीच परत आली असेल आणि डोळ्यांना दिसत नसेल म्हणून कडी घालून गेली असेल.

अंधार. दाराखाली बोटभर फट होती, तिच्यातून उन्हाची एक पट्टी आत आलेली. बाकी काही दिसत नव्हतं.

मागं अठ्ठेचाळीस तोंडं बुडबुडत होती.

आता माझी अडचण नीट समजून घ्या, कारण ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

हातात लोखंडी पाना होता. त्यानं दार बडवलं असतं तर वीस पावलांवर काय, अर्ध्या माळावर ऐकू गेलं असतं. पण दार लोखंडाचं. ठिणगी पडली असती. डोक्याला बॅटरीचा दिवा बांधलेला होता, पण त्याचं बटण दाबायची हिंमत नव्हती. स्विच बाहेर पडवीत. एकच उपाय उरला होता, वायर काढायची. वायर निघाली की चार्जिंग बंद, गॅस बंद. पण चालू चार्जिंगमध्ये वायर सोडवली की टोकाला हमखास ठिणगी पडते.

म्हणजे बाहेर ऊन होतं तोवर गॅस वाढतच राहणार होता. आणि ऊन कमी व्हायला अजून पाच तास होते.

मी तळहातांनी दार बडवलं. घसा फुटेपर्यंत ओरडलो. माळावर वाऱ्याविरुद्ध ओरडलेलं माणसाला ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी ओरडलो.

किती वेळ गेला माहीत नाही. दोन वाजले असतील. घाम डोळ्यांत जात होता. ॲसिडच्या वाफेनं घसा सोलून निघाल्यासारखा झाला होता. डोकं गरगरत होतं. घरची आठवण आली. बायकोला सकाळी नीट सांगूनही निघालो नव्हतो. आणि मला खरंच वाटलं की आपण इथंच मरणार.

माणूस घाबरला की त्याची पंधरा वर्षांची विद्या पाच मिनिटांत जाते. माझी गेली.

मी चाचपडत पहिल्या बॅटरीपाशी गेलो. वायरचं टोक सापडलं. पाना नटावर बसवला. म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे.

पाना फिरवणार एवढ्यात...

बुडबुडे थांबले.

एक-दोन नाही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. एका क्षणात.

असं होत नाही. बाहेर रणरणतं ऊन होतं, चार्जिंग चालू होतं. वायर कापली तरी बुडबुडे हळूहळू विरतात, एकदम थांबत नाहीत.

खोलीत इतकी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू आला.

मग मी श्वास रोखला.

श्वास... तरी ऐकू येत होता.

माझ्या उजव्या बाजूला. खाली. जमिनीलगत, दाराच्या अंगाला. जड, घरघरणारा. मग खोकला आला. कोरडा, म्हाताऱ्या माणसाचा.

"नगं."

मी दगड झालो.

"वायर नगं काडूस. ठिनगी पडंल. ऊन जाऊ दे."

पाना माझ्या हातातून निसटला. तो फरशीवर, बॅटरीवर, कशावर तरी वाजायला हवा होता. वाजला नाही. पाना पडल्याचा आवाजच आला नाही.

आणि बुडबुडे पुन्हा सुरू झाले. सगळे एकदम.

मला पळायचं होतं. पण पळणार कुठं? दार त्याच बाजूला होतं. मी समोरच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसलो. देवाचं नाव घ्यायला गेलो तर यमाई आठवेना, ज्योतिबा आठवेना.

वर छताला गॅस साठतोय हे डोक्यात होतं. श्वास लागत होता. हवा फक्त दाराच्या फटीतून येत होती. शेवटी जिवानं भीतीला हरवलं. मी गुडघ्यांवर रांगत दाराशी गेलो आणि फटीला नाक लावून आडवा पडलो.

तिथं कुणी नव्हतं. जमीन मात्र गार होती. मार्चच्या दुपारी, बंद खोलीत, गार.

डोळे अंधाराला सरावले. फटीच्या उजेडात दाराची आतली बाजू दिसायला लागली. सकाळी मला वाटलं होतं, गंजानं रंग उडालाय.

तो गंज नव्हता.

ते हाताचे पंजे होते. ॲसिड लागलेल्या हातांनी रंग खाल्लेला. वर, छातीच्या उंचीवर चार-पाच. मग कमरेशी. मग गुडघ्याशी. आणि सगळ्यात खाली, मी तोंड लावून पडलो होतो तिथं, फटीतून बाहेर जाऊ बघणाऱ्या चार बोटांच्या खुणा.

मला सगळं कळलं. अटॅकबिटॅक काही नाही.

आप्पासो माझ्याच जागी पडले होते.

"मावळतीला उगडतंय," आवाज आला. आता लांबून नाही, अगदी शेजारून. "रोज उगडतंय. रोज उशीरच व्हतोय."

मी डोळे घट्ट मिटले.

"बना आली का रं?"

मी बोललो नाही.

लहानपणी आमच्या घरी सांगायचे, अशा हाकेला ओ द्यायची नाही. ओ दिली की ते धरून बसतं. तेवढंच डोक्यात होतं. मी दातांत ओठ धरून गप्प पडून राहिलो.

बराच वेळ गेला.

"बना आली का रं?"

आवाजात राग नव्हता, हे मला आज सांगायचंय. दरडावणी नव्हती. बाहेरगावी गेलेल्या माणसाची वाट बघताना घरातलं माणूस विचारतं, तसं विचारत होते. दर थोड्या वेळानं विचारत होते. आणि दर वेळी श्वास जास्त घरघरत होता.

मी मोजलं नाही. फटीतली उन्हाची पट्टी पिवळी झाली, मग तांबडी. बुडबुडे एकेक करत कमी झाले. पॅनलवरचं ऊन जात होतं.

शेवटचं विचारणं इतकं हळू होतं की नुसते ओठ हलल्यासारखं वाटलं.

"...आली का?"

मी गप्पच राहिलो.

मग श्वास थांबला.

ते थांबणं मला ऐकू आलं. त्याहून जास्त मला सांगता येत नाही.

बाहेर मेंढरांच्या घंटा वाजल्या. धावत येणारी पावलं, काठीचा आवाज. दार सहज बाहेर ओढलं गेलं आणि मी अंगणात पालथा पडलो.

बनाबाई समोर उभी होती. धापा टाकत. सत्तर वर्षांची बाई माळावरून पळत आली होती.

मी जे तोंड सोडलं ते सोडलंच. "आजी, दिसत नाही का तुम्हाला? माणूस आत असताना कडी लावता? मेलो असतो मी!"

तिनं काठीनं दार पुढं ढकललं.

"कंची कडी, बाबा?"

मी बघितलं.

दाराला कडी नव्हती. कडीच्या जागी चार भोकं होती, आणि वर कापल्याची जुनी खूण. मी सकाळी लावलेला दगड होता तिथंच होता.

"लेकानं दहाव्याच्या विधीआदी कापून काडली," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मग तिनं सांगितलं. माझ्याकडे न बघता, मेंढरांकडे बघत.

"आमची एक शेळी मेली व्हती, तितलं पानी पिऊन. तवापासनं घरात समद्यास्नी सवय. त्या दाराम्होरनं गेलं आन् दार उगडं दिसलं की कडी घालायची. बगायचं बी न्हाई. हात आपसूक जातुया. त्या दिशी मी मेंढरं घिऊन निगाले. दार उगडं दिसलं."

तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं.

"हात गेला."

ती पुन्हा मेंढरांकडे बघत पुढं सांगू लागली.

"दिवेलागनीला आले. घरात न्हाईत, वाडग्यात न्हाईत. मग कडी काडली. दारातच व्हतं आमचं मालक. लेकाला आन् मला ठावं हाय. समीक्षाला न्हाई. लोकास्नी अटॅक सांगितला."

आता कळलं ना, नावं का बदलली.

मी पाणी प्यालो. बनाबाईनं एकदम माझं मनगट धरलं. तिच्या हातात अशी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"काय बोललं का तुमास्नी?"

मला खोटं बोलायचं होतं. देवाशपथ, बोलायचं होतं. पण तिचे डोळे बघून जमलं नाही.

"विचारत होते," मी म्हणालो. "बना आली का, म्हणून."

तिचं तोंड उजळलं. खरंच उजळलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी निरोप आणला होता.

"मग? तुमी काय सांगितलंसा?"

मी मान खाली घातली.

"काही नाही, आजी. मी गप्प बसलो. भ्यालो होतो."

तिनं माझं मनगट सोडलं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती उघड्या दाराकडे बघत राहिली.

"येतीया म्हनून सांगायचं व्हतं की वो, बाबा," ती म्हणाली. "मी रोज पळत येती. रोज लांबनंच वरडून सांगती, आले म्हनून. त्यास्नी बाहेरचं आयकू येत न्हाई. तुमी तर आत व्हता."

ती उठली आणि मेंढरं वाडग्यात घालायला गेली.

समीक्षा अंधार पडता पडता आली, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन घेऊन. उशीर झाला म्हणून माझी माफी मागत होती. मी पडवीतलं बटण दाबलं. घरात बल्ब लागला. पोरगी टाळ्या वाजवत सुटली.

आठच्या आठ बॅटऱ्या आजही चालू आहेत. तिचे मेसेज येतात. पाणी घालायची वेळ झाली की विचारते, काका कधी येताय. मी दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर देतो आणि त्याला बजावतो, एकट्यानं जाऊ नकोस.

माझा पाना तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी समीक्षानं सगळी खोली झाडली. सापडला नाही.

कडी कुणी लावली, पावलं कुणाची वाजली, हे मला कळलेलं नाही. आप्पासो मला अडकवत होते की वाचवत होते, हेही नाही. कधी वाटतं, त्यांना फक्त कुणाला तरी विचारायचं होतं, म्हणून आतलं माणूस हवं होतं.

हल्ली कुठलंही दार माझ्यामागं लागलं, दुकानाचं असो, बाथरूमचं असो, की मी मोठ्यानं म्हणतो, "येतीया. निघालीया ती."

बायको बाहेरून विचारते, कुणाशी बोलताय.

मी आत काही आवाज येतोय का, ते ऐकत उभा राहतो.